ऊद : एका सुगंधाची कुळकथा

मराठी घरात संध्याकाळी देवापुढे उदबत्ती लावताना त्या शब्दातील ‘ऊद’ म्हणजे काय, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. ऊद म्हटले की निखाऱ्यावर टाकावयाचा, लोबानाच्या जातीचा एक सुवासिक डिंक मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे येतो. परंतु हा शब्द मूळचा अरबी असून त्याचा अर्थ केवळ ‘लाकूड’ किंवा ‘काठी’ असा आहे. अरबांचे एक प्रसिद्ध तंतुवाद्यही याच नावाने ओळखले जाते. ज्या लाकडाला दुसरे कोणतेही विशेषण लावण्याची गरज अरबांना वाटली नाही, ते लाकूड म्हणजे आपल्या संस्कृत ग्रंथांतील अगुरू किंवा अगरू होय. उबदार, गोडसर आणि किंचित धुरकट असा जो काष्ठगंध आज जगभर ‘अरबी अत्तर’ म्हणून नावाजला जातो, त्याचा गाभा हाच. मौज अशी की, अरबस्तानाच्या वाळूत हे झाड उगवतच नाही.

अगरूची झाडे आसाम आणि त्याला लागून असलेल्या टेकड्यांपासून थेट मलाया, कंबोडिया, सुमात्रा आणि बोर्निओपर्यंतच्या दमट अरण्यांत वाढतात. निरोगी झाड तोडून पाहिले, तर आतील लाकूड फिकट, हलके आणि जवळजवळ निर्गंध असते. परंतु खोडाला कीड लागली, फांदी मोडली, किंवा त्या जखमेतून बुरशी आत शिरली, म्हणजे झाड स्वतःच्या रक्षणासाठी राळेसारखे एक तेलकट द्रव्य निर्माण करू लागते. वर्षानुवर्षे ते द्रव्य लाकडात मुरत राहते. लाकूड काळसर आणि जड होते, आणि त्यालाच सुगंध येतो. जगाने ज्याला ऐश्वर्याचे चिन्ह मानले, तो वस्तुतः एका आजारी झाडाने केलेला प्रतिकार आहे.

ही गोष्ट प्राचीनांच्या ध्यानात आलेली होती. अमरकोशात अगुरूची जी नावे दिली आहेत, त्यांत ‘राजार्ह’ म्हणजे राजाला योग्य असे एक नाव आहे. ‘लोह’ असे दुसरे आहे. आणि ‘कृमिज’ म्हणजे किड्यापासून जन्मलेले असेही एक आहे. मोल, वजन आणि उत्पत्ती या तिन्हींची नोंद तीन शब्दांत झाली. ‘अगुरु’ या शब्दाची फोड केली, तर ‘जड नव्हे ते’ असा अर्थ निघतो. परंतु उत्तम अगुरू तर पाण्यात बुडते. चिनी भाषेत त्याला ‘बुडणारा सुगंध’ अशा अर्थाचेच नाव आहे.

कौटिलीय अर्थशास्त्रात राजाच्या कोशात घ्यावयाच्या मौल्यवान वस्तूंची परीक्षा सांगितली आहे. त्यात अगुरूचे जोंगक, दोंगक आणि पारसमुद्रक असे प्रकार येतात. यांपैकी शेवटचा, नावावरूनच दिसते, समुद्रापलीकडून येणारा होता. उत्तम अगुरू ओळखावे कसे, याची लक्षणेही तेथे आहेत : ते जड असावे, स्निग्ध असावे, त्याचा गंध मोहक आणि दूरवर पसरणारा असावा, ते अग्नी सहन करून सावकाश जळावे, त्याचा धूर एकसारखा निघावा आणि चोळले असता त्याचा गंध नाहीसा होऊ नये. दुबईच्या बाजारात ऊद पारखणारा जाणकार व्यापारी आजही तुकडा हातात तोलतो, निखाऱ्यावर ठेवतो आणि धूर पाहतो. दोन सहस्रकांच्या सुमारास ही कसोटी फारशी बदललेली नाही.

हा गंध कोणी, केव्हा धारण करावा, याचाही विचार भारतात झाला होता. वैद्यकशास्त्राने अगुरूला उष्ण मानले. चरकसंहितेतील ऋतुचर्येत हेमंताच्या थंडीत जाड, उबदार वस्त्रे वापरावी आणि अंगाला अगुरूचा दाट लेप लावावा, असे सांगितले आहे. उन्हाळा हा चंदनाचा, थंडी ही अगुरूची. कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’त हेमंतातील स्त्रिया काळ्या अगुरूच्या धुपाने केस सुगंधित करतात, ते याच समजुतीला धरून आहे. त्याच्या ‘रघुवंशा’त रघूची सेना लौहित्य नदी ओलांडून प्राग्ज्योतिषात, म्हणजे आजच्या आसामात शिरते, तेव्हा तिचे हत्ती काळ्या अगुरूच्या झाडांनाच बांधले जातात. सातव्या शतकात कामरूपाचा राजा भास्करवर्मा याने सम्राट हर्षाला ज्या भेटी पाठविल्या, त्यांत काळ्या अगुरूचे तेल होते आणि अगुरूच्या सालीच्या पानांवर लिहिलेली सुभाषितांची पुस्तकेही होती, असे बाणभट्ट ‘हर्षचरिता’त सांगतो. साल विद्येसाठी आणि गाभा सुगंधासाठी, असा या वृक्षाचा तेव्हाचा उपयोग होता.

अरब व्यापाऱ्यांची गलबते हिंदी महासागर ओलांडून चीनपर्यंत जाऊ लागली, तेव्हा हे लाकूड बगदाद आणि बसऱ्याच्या बाजारात मोठ्या प्रमाणावर पोहोचले. नवव्या शतकातील अरबी ग्रंथांत उदाच्या जाती प्रदेशावरून ओळखल्या जातात : हिंदचा, ख्मेर देशाचा, चंपा देशाचा. दहाव्या शतकाच्या आरंभी सिराफ बंदरातील अबू झैद याने लिहून ठेवले आहे की, कामरूपाचा ऊद भाविक लोक मुलतानच्या प्रसिद्ध देवळात अर्पण करण्यासाठी दूरवरून आणीत. त्यातील उत्तम प्रकाराला ‘मन’ या त्या वेळच्या लहानशा वजनामागे दोनशे दिनारांपर्यंत किंमत येई. तो इतका मऊ असे की, त्यावर शिक्का दाबला तर ठसा उमटे. देवळाच्या सेवकांकडून तो अरब व्यापारी विकत घेत. आसामच्या वनातील लाकूड मुलतानच्या देवापुढून निघून बगदादच्या दिवाणखान्यात दरवळत होते.

अरबांनी या कच्च्या मालाचे शास्त्र बनविले. बगदादचा तत्त्वज्ञ अल्-किंदी याच्या नावावर असलेल्या नवव्या शतकातील ग्रंथात सुगंधी तेले, लेप आणि अर्क यांच्या शंभराहून अधिक कृती आहेत. त्यात महागड्या द्रव्यांच्या हुबेहूब नकला कशा कराव्यात, याच्याही कृती आहेत. म्हणजे बनावट माल हा आधुनिक काळाचाच दोष आहे, असे नव्हे. दहाव्या शतकात बगदादच्याच अल्-वश्शा याने सुसंस्कृत माणसाच्या राहणीवर एक ग्रंथ रचला. त्यात पोशाख आणि अन्न यांच्याबरोबरच पुरुषांनी कोणते सुगंध वापरावे, स्त्रियांनी कोणते, याचे नियम दिले आहेत. पुरुषाच्या सुगंधाचा गंध जाणवावा, डाग मात्र दिसू नये, हा त्या समाजातील जुना संकेत होता.

या परंपरेतून सुगंध धारण करण्याची जी पद्धत रूढ झाली, ती आखाती देशांत आजही चालू आहे. तीत सुगंधाचे थर असतात. आधी धूपपात्रात निखाऱ्यावर उदाचा तुकडा ठेवून त्याचा धूर वस्त्रांना, केसांना आणि दाढीला दिला जातो. नंतर त्याच लाकडाच्या तेलाचा एखादा थेंब मनगटावर आणि कानामागे लावतात. तेथील ऊब गंधाला हळूहळू उमलविते. कधी त्याला ताइफच्या गुलाबाची, केशराची, कस्तुरीची, अंबराची किंवा चंदनाची जोड मिळते. उबदार आणि गोड असा जो ‘अरबी’ गंध म्हटला जातो, तो या संगतीतून घडतो. उदाचे शुद्ध तेल प्रथम उग्र, चामड्यासारखे वाटते. त्यातील गोडवा आणि काष्ठगंध काही वेळाने प्रकट होतो. म्हणून जाणकार पहिल्या वासावर निर्णय देत नाहीत. तेल त्वचेवर लावून ते तास-दोन तास थांबतात, आणि थोडकेच वापरतात. पाहुणचाराच्या शेवटी धूपपात्र फिरविले, म्हणजे बैठक संपली असे समजावे, अशी त्या देशांत म्हणच आहे.

हा सुगंध अरबी नाव घेऊन पुन्हा भारतात आला. अबुल फज्लच्या ‘आईन-इ-अकबरी’त अकबराच्या खुशबूखान्याचे वर्णन आहे. त्यात उदापासून चुवा काढण्याची रीत दिली आहे. मराठीतील ‘चोवाचंदन’ या जोडशब्दात तोच चुवा टिकून आहे. गोव्यात १५६३ साली छापलेल्या आपल्या औषधिग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने अगरूवर एक स्वतंत्र संवाद लिहिला. दक्षिणेतील ‘अकिल’ या नावाचे पोर्तुगीजांनी ‘आगिला’ केले. त्यावरून लॅटिनमध्ये ‘आक्विला’, म्हणजे गरुड, झाले. आणि १७८३ साली लामार्कने या वृक्षाला ‘आक्विलारिया’ असे शास्त्रीय नाव दिले. उच्चाराच्या गोंधळातून अगरूचा गरुड झाला. सुगंधशास्त्राची मराठी परंपराही अगदीच उपेक्षणीय नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी ‘गंधवाद’ नावाच्या ग्रंथाची एक दुर्मिळ हस्तलिखित प्रत अभ्यासून प्रकाशात आणली. त्या ग्रंथावरील टीका मराठीत आहे. हैदराबादेत निजामाच्या फौजेतील अरबांची वस्ती बारकस भागात झाली. चारमिनारच्या परिसरातील अत्तरांच्या दुकानांत आसामचा ऊद अरबी नावाने विकला जातो, आणि तेथील मराठी गिऱ्हाईकही तो ‘ऊद’ म्हणूनच घेते.

परंतु या कीर्तीची किंमत झाडाने मोजली आहे. कोणत्या खोडात काळा गाभा आहे, हे बाहेरून खात्रीने सांगता येत नाही, आणि रानातील थोड्याच झाडांत तो असतो. जुने माहीतगार वाळलेला शेंडा, किडीची भोके, सालीवरील गाठी पाहून झाड निवडीत. भाव वाढले, तशी ही पारख मागे पडली आणि सरसकट तोड सुरू झाली. एका रोगी झाडासाठी अनेक निरोगी झाडे पडली. भारतीय जातीच्या अगरूला आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाच्या यादीत १९९५ साली घालावे लागले. २००५ पासून या कुळातील सर्वच सुगंधी वृक्षांना ते नियंत्रण लागू झाले. आणि २०१८ साली या जातीची गणना अत्यंत संकटग्रस्त वनस्पतींत झाली.

आज बाजारात येणारा बराचसा ऊद लागवडीचा असतो. आसामात सुपारीच्या बागांतून आणि घरांच्या परसांतून अगरूची झाडे लावलेली असतात. होजाईच्या भट्ट्यांत लाकडाचे तुकडे दीर्घकाळ पाण्यात भिजवून मग त्यांचे तेल काढतात. किडा आपण होऊन येण्याची वाट न पाहता खोडाला भोके पाडून त्यात बुरशी सोडण्याची रीतही आता रूढ झाली आहे. यापलीकडे, रसायनशाळेत तयार केलेला कृत्रिम उदगंध स्वस्त अत्तरांत सर्रास असतो. तो वापरण्यात काही गैर नाही. त्यामुळे एखादे झाड वाचतही असेल. गैर आहे ते कृत्रिम द्रव्य रानातील म्हणून विकणे, आणि रानातून चोरून तोडलेले लाकूड बागेतले म्हणून खपविणे.

म्हणूनच सुगंधाची निवड ही केवळ आवडीनिवडीची बाब राहत नाही. कौटिल्याने राजाच्या कोशाध्यक्षाला जे पारखावयास सांगितले, ते आज सामान्य गिऱ्हाइकाच्या वाट्याला आले आहे. माल कोणत्या प्रदेशातला, रानातला की बागेतला, लाकडाचा की रसायनाचा, हे त्याने विचारले पाहिजे. खरे तेल एक थेंब पुरते, आणि तो थेंब थंडीच्या दिवसांत, उबदार त्वचेवर सर्वांत चांगला खुलतो. जो गिऱ्हाईक एवढे जाणतो, तो थोडके घेतो. आणि थोडके घेणाऱ्यांच्या बळावरच आसामच्या टेकड्यांवरील उरलेसुरले काळे अगरू उभे राहू शकेल.