वेबपृष्ठरचना व सोलापूरच्या चार लिपी

आंतरजालावरील पानाचा जो भाग वाचकाच्या पडद्यावर उमटतो, त्याची मांडणी, अक्षरांचे रूप आणि वाचकाच्या कृतीला पानाने द्यावयाचा प्रतिसाद यांची योजना करण्याच्या तंत्रास वेबपृष्ठरचना म्हणतात. माहितीचा साठा दूरच्या संगणकावर असतो. दर्शनी रूप मात्र वाचकाच्या स्वतःच्या यंत्रातील ब्राउझर ही आज्ञावली घडविते. त्यामुळे पान तयार करणाऱ्याने योजलेली अक्षरे वाचकाच्या यंत्राला ठाऊक नसतील, तर पान पोहोचूनही वाचता येत नाही. रोमन लिपीत लिहिणाऱ्यांना ही अडचण फारशी जाणवली नाही. भारतीय लिपींच्या बाबतीत मात्र या तंत्राचा पहिल्या पंधरा वर्षांचा इतिहास हा बव्हंशी याच अडचणीचा इतिहास आहे.

कर्नाटकाच्या सीमेवरील सोलापूर हे या इतिहासाचे परीक्षण करण्यास सोयीचे नगर आहे. राज्यकारभाराची भाषा मराठी. अक्कलकोट व दक्षिण सोलापूर या तालुक्यांत कन्नडचा मोठा वावर. तेलंगणातून येऊन मागावर स्थिरावलेल्या पद्मशाली समाजाची घरची भाषा तेलुगू. आणि शहरातील मुस्लिम वस्तीत उर्दू. यांपैकी पहिल्या तिन्ही लिपी ब्राह्मीपासून निघालेल्या, डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या व जोडाक्षरे घडविणाऱ्या आहेत. उर्दूची लिपी उजवीकडून डावीकडे जाते आणि तिच्यातील अक्षराचे रूप शेजारच्या अक्षरानुसार पालटते. या चारही लिपी एका पानावर नीट उमटणे ही वेबपृष्ठरचनेच्या साधनांची कठोर कसोटी होय.

तत्त्व व प्रारंभ : वेबपृष्ठाचा मजकूर व त्याचे रूप वेगवेगळे ठेवावे, हे या तंत्राचे मूलतत्त्व. सोलापुरी चादरीच्या मागावरून ते लवकर ध्यानात येते. लीआँ येथील झोझेफ मारी जाकार याने १८०४ साली सिद्ध केलेल्या यंत्रात नक्षी प्रथम चौकटींच्या कागदावर रेखाटतात आणि तिच्या एकेका ओळीसाठी पुठ्ठ्याच्या एकेका पत्त्यावर छिद्रे पाडतात. माग तोच, सूतही तेच. पत्त्यांची माळ बदलली की नक्षी बदलते. वेबपृष्ठात मजकुराची घडण एचटीएमएल या खुणांच्या भाषेत, रूप सीएसएस या शैलीपत्रकात आणि हालचाल जावास्क्रिप्टमध्ये लिहितात. शैलीपत्रक बदलले की मजकुराला हात न लावता पानाचे रूप पालटते. यांपैकी एचटीएमएल जिनीव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९–९१ या काळात सिद्ध केली. शैलीपत्रकाची कल्पना होकून व्हिउम ली यांनी १९९४ मध्ये मांडली व तिची पहिली प्रमाणित आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये आली. जावास्क्रिप्ट १९९५ मधली. त्याच वर्षी १५ ऑगस्ट रोजी विदेश संचार निगमाने भारतात सामान्य नागरिकांसाठी आंतरजाल खुले केले.

अक्षरांचे संकेतांक : संगणक अक्षर साठवीत नाही, त्याचा क्रमांक साठवितो. भारतीय लिपींसाठी असे क्रमांक ठरविण्याचे काम आंतरजाल येण्यापूर्वीच झालेले होते. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९८० नंतरच्या दशकात सुरू झालेले काम पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्रात (सी-डॅक, स्थापना १९८८) ‘जिस्ट’ या नावाने विकसित झाले, आणि १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेने ‘इस्की’ हा संकेत व ‘इन्स्क्रिप्ट’ हा कळफलक प्रमाण म्हणून प्रसिद्ध केला. एका उच्चाराला सर्व भारतीय लिपींत एकच कळ, ही त्यामागची दृष्टी. त्याच वर्षी निघालेल्या युनिकोड या जागतिक संकेताने भारतीय लिपींची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावरून घेतली. त्यामुळे युनिकोडमध्ये देवनागरी ‘क’ चा क्रमांक २३२५, तेलुगू ‘क’ चा ३०९३ आणि कन्नड ‘क’ चा ३२२१ आहे. ‘ख’ चे अनुक्रमे २३२६, ३०९४ व ३२२२. देवनागरीच्या क्रमांकात ७६८ मिळविले की स्थूलमानाने तेलुगू आणि ८९६ मिळविले की कन्नड अक्षर मिळते. सोलापूरच्या तीन भाषांचे नाते संकेताच्या कोष्टकातही असे जपले गेले आहे.

उसन्या जागांचा काळ : प्रमाण संकेत असूनही १९९५ नंतरची सुमारे दहा वर्षे मराठी पाने त्यांत लिहिली गेली नाहीत. जोडाक्षर जुळविणे, वेलांटी मागे नेणे, रफार पुढील अक्षरावर चढविणे ही कामे तत्कालीन संगणक प्रणालींना येत नव्हती. छपाईच्या व्यवसायात मात्र ‘श्री-लिपी’, ‘आकृती’ व सी-डॅकची ‘आयएसएम’ यांसारखी साधने रुळली होती. त्यांच्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या व चिन्हांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले असत : एका जागी अर्धा क, दुसऱ्या जागी वेलांटी, तिसऱ्या जागी नुसता काना. हीच युक्ती वेबपृष्ठावर आणण्यात आली. पडद्यावर ‘सोलापूर’ दिसे. पानात प्रत्यक्ष साठविलेला असे रोमन अक्षरांचा व विरामचिन्हांचा एक निरर्थक पुंजका. वाचकाने तोच फाँट आपल्या यंत्रात बसविलेला नसेल, तर तो पुंजकाच त्याला दिसे. प्रत्येक कंपनीची जागांची वाटणी निराळी असल्याने एका वृत्तपत्रासाठी घेतलेला फाँट दुसऱ्याला उपयोगी पडत नसे. काहींनी मजकुराचे चित्र करूनच पान चढविले. ते सर्वांना दिसे, पण दूरध्वनीच्या तारेवरून उतरण्यास वेळ फार घेई.

१९९७ साली यावर एक तोडगा निघाला. नेटस्केप व इंटरनेट एक्स्प्लोअरर या दोन्ही ब्राउझरांच्या चौथ्या आवृत्तींत फाँट पानासोबतच वाचकाकडे पाठविण्याची सोय झाली. दोघांच्या पद्धती परस्परांस अपरिचित असल्याने एकाच फाँटची दोन रूपे तयार करून ठेवावी लागत. नेटस्केपने पुढील मोठ्या आवृत्तीत आपली पद्धत सोडून दिली आणि तिच्यावर विसंबलेली पाने त्या ब्राउझरात वाचण्याजोगी राहिली नाहीत. या तोडग्याने दिसण्याचा प्रश्न काही अंशी सुटला. मजकूर मात्र पूर्वीप्रमाणेच निरर्थक राहिला. त्यात शोध घेता येत नव्हता, तो अकारविल्हे लावता येत नव्हता, आणि दृष्टिहीनांना वाचून दाखविणाऱ्या यंत्राला त्यातून काही कळत नव्हते. त्या दशकातील मराठी वृत्तपत्रांची आंतरजालावरील आवृत्ती हा खरे तर पहिला मोठा अंकीय मराठी दप्तरखाना व्हावयाचा. शोधयंत्राच्या दृष्टीने तो जवळजवळ कोराच राहिला. संकेतांतर करणाऱ्या आज्ञावली पुढे निघाल्या, परंतु मूळ फाँट कोणता व त्याची कोणती आवृत्ती हे निश्चित ठाऊक असल्याखेरीज त्यांचा उपयोग होत नाही, आणि रफार व जोडाक्षरे यांत चुका राहतात.

युनिकोडचा स्वीकार : २००० साली आलेल्या विंडोज २००० या प्रणालीत देवनागरी जुळविण्याची व्यवस्था व ‘मंगल’ हा फाँट अंतर्भूत होता. मुंबईचे अक्षररचनाकार प्रा. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी तो घडविला. मंगलच्या सौंदर्याविषयी मतभेद आहेत. पण त्या काळच्या पडद्यांवर लहान आकारातही तो वाचता येई, ही त्याची मोठी कामगिरी होय. विंडोज एक्सपीबरोबर (२००१) कन्नडसाठी ‘तुंगा’ व तेलुगूसाठी ‘गौतमी’ हे फाँट आले. सोलापूरच्या चारही लिपी एका यंत्रात, एकाच संकेतात व कोणताही फाँट वेगळा न आणता लिहिता येण्याची सोय येथून झाली. ती आयती मात्र नव्हती : एक्सपीमध्ये जटिल लिपींची व्यवस्था मूळ तबकडी घालून वेगळी बसवावी लागे. ती नसलेल्या यंत्रावर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाई आणि जोडाक्षरे फुटून पाय मोडलेली दिसत. अनेकांचा ‘युनिकोड अशुद्ध लिहितो’ असा ग्रह यातूनच झाला. लिनक्स प्रणालीसाठी रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये ‘लोहित’ ही मुक्त फाँटमाला उपलब्ध करून दिली. केंद्र शासनाने नोव्हेंबर २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोड हाच संकेत प्रमाण ठरविला.

मराठीचे काही प्रश्न देवनागरीच्या सर्वसाधारण प्रश्नांहून निराळे आहेत. ‘आचार्यांना’ व ‘आचाऱ्यांना’ या शब्दांत रफार व अर्धा ऱ एवढाच भेद, पण एक गुरुजनांविषयी आणि दुसरा स्वयंपाक्यांविषयी. दोन्ही रूपे वेगळी साठविणे व दाखविणे आवश्यक ठरते. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र क्रमांक मिळण्यास युनिकोडची २००८ मधील ५.१ ही आवृत्ती यावी लागली. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ ही रूपे प्रमाण मानली. क्रमांक हिंदीचाच असल्याने ही रूपे मिळण्यासाठी पानाची भाषा मराठी आहे, अशी खूण एचटीएमएलमध्ये करावी लागते व फाँटमध्येही तशी सोय असावी लागते. ही खूण केवळ शोभेची नव्हे. युनिकोडच्या कोष्टकात ‘ळ’ हा ‘ल’ नंतर लगेच येतो, मराठी वर्णक्रमात तो ‘ह’ नंतर येतो. मराठीचा वर्णक्रम न सांगता केलेली गावांची किंवा मतदारांची यादी म्हणूनच चुकीच्या क्रमाने लागते.

अलीकडील साधने : शैलीपत्रकातून फाँट पाठविण्याची तरतूद १९९८ मध्येच प्रमाणित झाली होती, २००८–०९ मध्ये सफारी व फायरफॉक्स यांनी ती अमलात आणल्यावर ती व्यवहार्य झाली आणि ‘वॉफ’ हे फाँटधारिकेचे रूप २०१२ मध्ये प्रमाण झाले. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचे ‘मुक्त’ व ‘बलू’ यांसारखे मुक्त परवान्याचे फाँट त्यानंतर सर्वांना विनामूल्य मिळू लागले. देवनागरी फाँटमध्ये जोडाक्षरांची शेकडो रूपे असल्याने त्याची धारिका रोमन फाँटहून बरीच जड असते. म्हणून लिपीगणिक धारिका वेगळी करून पानावर लागेल तेवढीच मागविण्याची पद्धत पडली. मजकूरही जड असतो : प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत ‘सोलापूर’ या शब्दाचे सात वर्ण एकवीस बाइट व्यापतात, तोच शब्द रोमनमध्ये सातांत मावतो. उर्दू अक्षराला दोनच बाइट लागतात.

रोमन लिपी गृहीत धरून केलेल्या सवयी येथे जाचक ठरतात. शीर्षकातील अक्षरांत अंतर वाढविण्याची शैली देवनागरीला लावली की शिरोरेषा तुटते. ओळींमधील अंतर रोमनच्या मापाने ठेवले, तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. उर्दू पानात तर डावी-उजवी ही कल्पनाच उलटते. यासाठी ‘डावा समास’ असे न म्हणता ‘ओळीच्या प्रारंभाचा समास’ असे सांगण्याची सोय शैलीपत्रकात झाली. तीमुळे एकच शैलीपत्रक मराठी व उर्दू या दोन्ही आवृत्तींना चालते.

जेक्वेरी (२००६), बूटस्ट्रॅप (२०११), रिॲक्ट (२०१३) व व्ह्यू (२०१४) या आज्ञावली-संग्रहांनी रचनाकाराचे श्रम पुष्कळ कमी केले. लिपीच्या प्रश्नांना मात्र त्यांनी क्वचितच हात घातला. ‘स्त्री’ हे मराठी वाचकाच्या दृष्टीने एक अक्षर. जावास्क्रिप्टच्या साध्या मोजणीत त्याची लांबी सहा भरते. नावासाठी अक्षरांची मर्यादा घालणाऱ्या अर्जात मराठी नावे यामुळे अर्ध्यात तुटतात. जोडाक्षर अखंड मानण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये आला. अक्षरविभागणीचे जावास्क्रिप्टमधील साधन २०२४ पर्यंत सर्व प्रमुख ब्राउझरांत पोहोचले. लाख-कोटींचे स्वल्पविराम व देवनागरी अंक मात्र त्याच भाषेतील आंतरराष्ट्रीयीकरणाच्या साधनांनी बऱ्याच आधीपासून साधता येतात.

वाचनाचे स्थळ या काळात संगणकाकडून भ्रमणध्वनीकडे सरकले. पडद्याच्या रुंदीनुसार मांडणी बदलणाऱ्या रचनेची कल्पना ईथन मार्कॉट यांनी २०१० मध्ये मांडली. अँड्रॉइड प्रणालीत देवनागरी नीट उमटू लागली ती २०११ मधील चौथ्या आवृत्तीपासून. ‘.भारत’ हे देवनागरी क्षेत्रनाम ऑगस्ट २०१४ मध्ये खुले झाले. जिल्ह्यांच्या शासकीय संकेतस्थळांसाठी राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने समान साचा तयार केला आहे. सोलापूर जिल्ह्याचे संकेतस्थळ त्यावर असून ते मराठी व इंग्रजी या भाषांत आहे. कन्नड, तेलुगू व उर्दू आवृत्तींना आता साधनांची अडचण उरलेली नाही. भाषांतर करणारा, मुद्रिते तपासणारा आणि बदल झाला की चारही ठिकाणी तो करणारा मनुष्य लागतो. जुन्या फाँटांत जुळविलेल्या पीडीएफ धारिकांचा प्रश्न याहून अवघड आहे. छापल्यावर त्या निर्दोष दिसतात. त्यांतील एखादे गावाचे नाव उचलून दुसरीकडे चिकटविले, की ते पुन्हा रोमन चिन्हांच्या पुंजक्यात उतरते.