अक्काची शेवटची प्रत

हे घर मी रचलेलं आहे. यातली यंत्रं मात्र खऱ्यासारखीच वागतात, आणि घरचं चित्रण थोड्याफार फरकाने याच क्रमाने हातचं जातं. रविवारी संध्याकाळी सहा वाजता आजोबांचा सहस्रचंद्रदर्शन सोहळा. हॉलच्या पडद्यावर वीस मिनिटांची फिल्म दाखवायची आहे. तिचा जीव म्हणजे अक्काचं, आजोबांच्या थोरल्या बहिणीचं, गेल्या वर्षी वाईला टिपलेलं बोलणं. मेथी निवडता निवडता ती भावाच्या लहानपणच्या खोड्या सांगते. मध्येच हात थांबवून कॅमेऱ्यामागच्या नातवाला म्हणते, "अरे, बस की जरा खाली. पाय दुखतील उभ्याने." अक्का श्रावणात गेली. ते कार्ड तेव्हापासून कॅमेऱ्यातच होतं.

शुक्रवार, रात्री ९. उरले ४५ तास.
कार्डातलं ११० जीबी चित्रण नातू लॅपटॉपवर उतरवतो. फोर-के चित्रण सेकंदाला १०० मेगाबिट या दराने घेतलं की तासाला ४५ जीबी जागा खातं. म्हणजे हा जेमतेम अडीच तासांचा ऐवज. लॅपटॉपची एसएसडी ५१२ जीबीची, विंडोजच्या मोजणीत ४७६. त्यात दीडशेच मोकळे होते. आता चाळीस उरतात आणि ड्राइव्हची पट्टी लाल होते. पण या घटकेला प्रत्येक क्लिप दोन ठिकाणी आहे.

रात्री ११. उरले ४३ तास.
"लॅपटॉपवर आलंय ना सगळं? मग कर फॉरमॅट. पाहुणे आले की कार्ड लागेल," ताई म्हणते. कॅमेऱ्यातला फॉरमॅट बहुतेकदा फाइलींची यादीच पुसतो. चित्रण खाली तसंच असतं, वर नवं काही लिहिलं जाईपर्यंत. त्यामुळे अजून काही बिघडलेलं नाही. दुसरं कार्ड आणलं असतं तर हा प्रश्नच आला नसता, आणि हॉलच्या फुलांवर झालेल्या खर्चापुढे त्याची किंमत किरकोळ होती.

शनिवार, सकाळी १०. उरले ३२ तास.
फोर-के क्लिप अडखळतात, म्हणून नातू त्यांच्या हलक्या, कामापुरत्या प्रती, म्हणजे प्रॉक्सी, बनवतो. टाइमलाइन सरसर चालते. सी ड्राइव्हवर बारा जीबी उरतात.

दुपारी ३. उरले २७ तास.
माझ्या मते खरा घात इथे झाला. जागा करायला नातू मूळ क्लिप जुन्या एक टीबीच्या हार्ड डिस्कवर हलवतो, तेही कट-पेस्ट करून. डिस्क माउसच्या यूएसबी २.० हबला जोडलेली. सेकंदाला ३५ एमबीच्या आसपास वेग, म्हणून पाऊण तासाच्या वर लागतो. पण वेग ही इथली छोटी अडचण. एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर कट-पेस्ट म्हणजे आधी कॉपी, मग मूळ जागेवरून पुसणं, आणि पुसलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही. त्यातून एसएसडी असली की विंडोज तिला 'ट्रिम'ची सूचना देते. त्या जागा आतून रिकाम्या होतात आणि रिकव्हरी सॉफ्टवेअरच्या हाती बहुधा काहीच लागत नाही.

घरच्या एडिटिंगला महागडं काही लागत नाही. आतल्या एसएसडीवर विंडोज, सॉफ्टवेअर, कॅश आणि प्रॉक्सी. मूळ क्लिप बाहेरच्या एसएसडीवर, थेट यूएसबी ३ पोर्टला. आणि त्यांचीच प्रत जुन्या हार्ड डिस्कवर, जी कॉपी झाल्यावर काढून कपाटात ठेवायची. छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या नावाने ओळखला जाणारा ३-२-१ चा नियम आणखी एक पाऊल पुढे जातो: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. अक्काच्या चाळीस मिनिटांचे तीसच जीबी होते. काकांकडच्या पेनड्राइव्हवरही ते मावले असते.

संध्याकाळी ५. उरले २५ तास.
पुण्याचे पाहुणे येतात. चहा, पाया पडणं, गळाभेटी, सगळं त्याच कार्डावर टिपलं जातं. खालचं वाईचं चित्रण त्याबरोबर पुसलं जाऊ लागतं.

मध्यरात्र उलटून १२.३०. उरले साडेसतरा तास.
रेंडर थांबतो: दुपारी मोकळी केलेली जागा कॅशने खाल्ली, डिस्कवर जागा नाही. नातू प्रॉक्सी आणि कॅशचं अख्खं फोल्डर शिफ्ट-डिलीट करतो. "परत बनवता येतात गं," तो ताईला सांगतो. बरोबरच आहे ते, मूळ क्लिप शाबूत असेपर्यंत. आता अक्का फक्त हबला लोंबकळणाऱ्या डिस्कवर आहे. प्रोजेक्ट फाइलमध्ये तिची एकही फ्रेम नसते. कुठली क्लिप कुठून कुठे कापायची, एवढीच नोंद असते.

रविवार, पहाटे ५. उरले १३ तास.
रेंडर सत्तर टक्क्यांवर. होमाच्या तयारीला उठलेल्या आईचा पाय अंधारात केबलला अडकतो आणि डिस्क टेबलावरून फरशीवर आपटते. बंद असती तर कदाचित निभावलं असतं. पण आतली तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेत होती, आणि वाचणारं हेड तिच्यापासून काही नॅनोमीटरच वर तरंगत होतं. लॅपटॉपवर जी अर्धवट एमपीफोर उरली ती उघडत नाही, कारण अशा फाइलची सूची सहसा रेंडर संपताना लिहिली जाते.

५.१० ते ७.
डिस्कमधून टक्, टक्, टक् असा आवाज येतो. तो ऐकताच वीज तोडायची आणि पुन्हा जोडायचीच नाही. घरात मात्र प्रत्येकाला आपला उपाय सुचतो. काका म्हणतात, दुसऱ्या पोर्टला लाव. ताई केबल बदलते. कुणीतरी फोनवरून डिस्क दुरुस्तीची आज्ञा सांगतं, तीही देऊन होते. दुखावलेलं हेड दर खेपेला तबकडीवर फिरतं, आणि जिथे ते घासतं तिथला चुंबकीय थर खरवडून निघतो. तो थर म्हणजेच चित्रण. तो गेला की धूळमुक्त खोलीत बसलेल्या तंत्रज्ञालाही काही करता येत नाही.

संध्याकाळी ६.
पडद्यावर फोटो फिरतात. आजोबा शेजारी बसलेल्या नातवाला विचारतात, "अक्काचं ते लावणार होतास ना रे?"

सोमवार, सकाळी ११.
डेटा रिकव्हरीच्या काउंटरवरची बाई डिस्क हातात घेते, पण संगणकाला जोडत नाही. तिचा पहिला प्रश्न असतो, "पडल्यानंतर किती वेळा चालू केलीत?"

"सात-आठ वेळा असेल," नातू सांगतो. ती फॉर्मवर तसं लिहून घेते आणि सांगते, आधी उघडून बघावी लागेल, आज काहीच सांगता येणार नाही.