गुरचरण (कर्जत व खालापूर तालुके)

गुरचरण म्हणजे गावातील गुरांच्या विनामूल्य चराईसाठी राखून ठेवलेली सामाईक जमीन होय. देशावर तिला गायरान म्हणतात. रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर तालुक्यांत, सह्याद्रीच्या पायथ्याशी, गवताळ माळ आणि पानझडी रान एकमेकांना लागून आढळतात.

माळावर गवत आणि करवंदीच्या जाळ्या, त्यापुढे ऐन, साग, पळस, मोह व चढावर कारवी अशी वनश्री दिसते. पहिल्या पावसाबरोबर शेवळे उगवतात, मागोमाग टाकळा, कुर्डू व करटोली. ठाकर व कातकरी कुटुंबे या रानभाज्या खुडून बाजारात विकतात. वाळलेल्या गवतात उन्हाळ्यात पेटलेला वणवा रानात शिरतो, त्यामुळे तेथे विस्तव करणे धोक्याचे असते.

कुंपण नसल्याने ही जमीन पाहुण्याला बिनमालकीची भासते, पण तसे नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ खाली ती राखून ठेवली जाते, आणि कलम २३ नुसार चराईचा हक्क त्या त्या गावच्या गुरांपुरताच असतो. जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याची योजना आखण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती व जमाती यांना शासनाने पट्टा दिला असल्यास अपवादाची मुभा त्याच निकालात आहे. फार्महाऊसचे कुंपण आणि भूमिहीनाची झोपडी यांतील हा भेद महत्त्वाचा ठरतो.

मुंबई–पुणे लोहमार्गावरील कर्जत स्थानक हे या परिसराचे सोयीचे प्रवेशद्वार आहे. माळावरच्या अनेक पायवाटा गुरांनीच पाडलेल्या असतात.