कल्याणच्या सुभेदाराची सून

ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांच्या सैन्याने आदिलशाहीकडून कल्याण व भिवंडी घेतली. विजापूर दरबाराच्या लेखी हे बंडच होते. या मोहिमेभोवती गुंफलेली आख्यायिका ठाणे-कल्याण परिसरात लहानथोरांना ठाऊक आहे. आबाजी सोनदेवांनी सुभेदार मुल्ला अहमदच्या खजिन्यासोबत त्याची तरुण सूनही पकडली आणि महाराजांपुढे हजर केली. महाराजांनी तिला मातेसमान मानून, साडीचोळी देऊन सन्मानाने परत पाठविले.

समकालीन साधनांत हा प्रसंग आढळत नाही. तो पुढील काळातील परंपरेतून आला. त्यामागील धोरण मात्र कल्पित नव्हे. स्त्रीशी गैरवर्तन करणाऱ्या रांझे गावच्या पाटलाला हातपाय तोडण्याची शिक्षा झाल्याचे पत्र उपलब्ध आहे. महाराजांचा कडवा टीकाकार असलेल्या खाफीखानानेही त्यांच्या सैन्याला स्त्रियांना उपद्रव देण्याची मनाई होती, असे नमूद केले आहे.

बाबूराव पेंटर यांनी १९२४ मध्ये या कथेवर मूकपट काढला, त्याचे नाव 'कल्याण खजिना'. नावात खजिना आला, सून नाही. सावरकरांनी 'सहा सोनेरी पाने'मध्ये या वर्तनावर टीका केली, इतरांनी त्याचा गौरव केला. परंतु वाद नेहमी तिला परत पाठविण्याच्या निर्णयाचा, तिचा कधीच नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनातही या भूमिकेला बहुधा संवाद नसतो. मान खाली घालून उभे राहायचे, एवढेच काम.

इंग्लंडमधील रॉबिनहूडच्या जुन्या पोवाड्यांत मॅरियन नव्हती. ती नंतर कथेत शिरली. नॅन्सी स्प्रिंगर या लेखिकेने तर २००१ मध्ये 'रोवन हूड' या कादंबरीत रॉबिनची मुलगीच नायिका केली. आपल्या कथेत तरुणी आरंभापासून मध्यभागी आहे, तरी तिला बहुधा नावही मिळत नाही.

तिच्या डोळ्यांनी ही कथा सांगायची तर आरंभ दरबारातून होणार नाही. तो उल्हास खाडीकाठच्या बंदरातून, धामधुमीत उचललेल्या मेण्यातून होईल. पुढे सह्याद्रीचा घाट, अनोळखी बोली, आणि आपले काय होणार हे ठाऊक नसलेल्या रात्री. दरबारातील काही क्षणांपेक्षा हा प्रवास कितीतरी मोठा. परतीचाही तसाच, साडीचोळी घेऊन आलेल्या सुनेला सासरी कोणते प्रश्न विचारले गेले असतील? कथा तिला निरोप देऊन थांबते. पुढे कल्याणात दुर्गाडी किल्ला उभा राहिला, खाडीत आरमाराची गलबते बांधली जाऊ लागली. त्या कल्याणात ती पुन्हा कधी आली का, याविषयी दंतकथेतही एक ओळ नाही.