प्रश्न विचारण्याची जागा

मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकविणाऱ्या र. धों. कर्वे यांनी १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले तेही याच वर्षी. गर्भनिरोधक गोळी अजून जन्मालाही आली नव्हती. गर्भाशयाच्या मुखावर बसवायची रबरी टोपी हे तेव्हाचे एक साधन. कॉलेजच्या चालकांना प्राध्यापकांचा हा उद्योग मानवला नाही आणि कर्व्यांना नोकरी सोडावी लागली.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले. घरात किंवा डॉक्टरांपाशी ज्याचा उच्चार करता येत नसे, ते वाचक येथे पत्राने विचारीत आणि कर्वे छापील उत्तर देत. १९३४ चा अश्लीलतेचा खटला झाला तो नेमका या उत्तरांवरून! बचावाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी निकाल विरुद्ध गेला व दंड झाला. साधनांपेक्षा उत्तरांचीच समाजाला अधिक धास्ती होती, असे मला वाटते.

आता तोच प्रश्न पेण तालुक्यातील जिते गावच्या सतरा वर्षांच्या मुलीला पडला असे समजू. संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची तातडीची गोळी २००५ पासून चिठ्ठीविना मिळते. रोजच्या गोळीसाठी मात्र आधी रक्तदाब मोजावा लागतो. अर्धशिशी, यकृताचे विकार, रक्ताच्या गुठळ्या यांची चौकशी करावी लागते. म्हणजे डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलणे आलेच. २०१४ च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाने १० ते १९ वयोगटासाठी सल्ला केंद्रांची सोय केली, ती याचसाठी.

पण २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलीशी संबंध हा गुन्हा आहे, मग तिची संमती असो वा नसो. आणि तो कळल्यास पोलिसांना खबर देणे बंधनकारक आहे. बळजबरी झालेल्या मुलीला या तरतुदीचा आधार आहे, हे विसरता येत नाही. तथापि स्वखुशीने वागलेली मुलगी याच भीतीने दवाखान्याची पायरी चढत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये यातून थोडी वाट काढली. अल्पवयीन मुलीने व तिच्या पालकांनी विनंती केल्यास गर्भपात करणाऱ्या डॉक्टरांनी खबर देताना तिचे नाव उघड करण्याची गरज नाही, असे न्यायालयाने सांगितले. हा निर्णय गर्भपातापुरता आहे. गर्भ राहू नये म्हणून आधीच सल्ला मागणाऱ्या मुलीचा त्यात उल्लेख नाही.