लिंगशैथिल्य, औषधजन्य

एखाद्या औषधाच्या सेवनामुळे पुरुषाच्या शिश्नास समागमापुरती ताठरता न येणे किंवा आलेली न टिकणे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सप्रमाण मांडला आणि पुढे तिच्या मुळीतून वेगळे काढलेले रिसर्पीन जगभर रूढ झाले, परंतु चेतातंतूंतील नॉरॲड्रेनलिनचा साठा रिता करून रक्तदाब उतरविणाऱ्या या द्रव्याबरोबर विषण्णता आणि कामशक्तीचा ऱ्हास यांच्याही तक्रारी रुजू झाल्या. रिसर्पीन आज मागे पडले असले, तरी क्लोरथॅलिडोनादी मूत्रल औषधे, प्रोप्रॅनोलॉल, स्पायरोनोलॅक्टोन, पॅरोक्सेटीनसारखी विषादरोधके, प्रोलॅक्टिन वाढविणारे रिस्पेरिडोन आणि टकलावरचे फिनास्टेराइड यांच्याबाबत लिंगशैथिल्याची कुरकुर ऐकू येते.

तथापि मधुमेह, तंबाखू आणि खुद्द उच्च रक्तदाब हेही याच विकाराचे कारण असल्याने केवळ गोळीस दोषी ठरविणे घाईचे होय. इटलीत झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ॲटेनोलॉल हे रक्तदाबावरचे बीटा-रोधक औषध घेणाऱ्या ३२-३२ जणांच्या तीन गटांपैकी, औषधाचे नाव न कळलेल्यांत १, नाव कळलेल्यांत ५ आणि नावासह हा दोषही सांगितलेल्यांत १० जणांस त्रास झाला. भीतीचा वाटा एवढा मोठा. पण म्हणून रुग्णाची तक्रार खोटी ठरत नाही.

जळगाव जिल्ह्यातील फैजपूरसारख्या गावी, जेथे डॉक्टर आणि औषधविक्रेता दोघेही ओळखीचे निघतात, तेथे हे बोलून दाखविण्यापेक्षा ‘बीपीची गोळी’ परस्पर बंद करणे पुष्कळांस सोपे वाटते. आणि बीटा-रोधक एकाएकी थांबविल्यास हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. गावात संकोच वाटल्यास भुसावळ वा जळगाव गाठावे, परंतु गोळी चालू ठेवूनच. तक्रार आणि गोळी यांच्या प्रारंभाच्या तारखा जुळवून, रक्तशर्करा, सकाळचे टेस्टोस्टेरॉन आणि जरूर तर प्रोलॅक्टिन तपासून वैद्य पर्याय योजतो: रक्तदाबासाठी लोसार्टन किंवा नेबिव्होलॉल, विषादासाठी मात्रा घटविणे अथवा बुप्रोपिऑन. मूळ औषध बदलणे अशक्य असल्यास १९९८ पासून प्रचारात आलेले सिल्डेनाफिल हे ताठरतेचे औषध चिठ्ठीनुसार देता येते. छातीदुखीसाठी सॉर्बिट्रेट अथवा अन्य नायट्रेट घेणाऱ्यास मात्र ते सर्वथा वर्ज्य आहे, कारण दोहोंच्या संयोगाने रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळतो. आणि ‘ताकदी’च्या नावाने विकल्या जाणाऱ्या बेनामी चूर्णांत सिल्डेनाफिलचीच भेसळ आढळत आलेली असल्याने, ‘झाडपाल्याचे आहे’ अशा समजुतीने ती घेणाऱ्या हृदयरोग्यासही हाच धोका असतो.