न आलेला युरिया

नागपूर जिल्ह्यात, उमरेडहून नागभीडकडे जाणाऱ्या वाटेवर वसलेले भिवापूर हे मिरचीसाठी विदर्भात प्रसिद्ध असलेले गाव उमरेड विधानसभा मतदारसंघात मोडते आणि हा मतदारसंघ रामटेक लोकसभा क्षेत्राचा भाग आहे. या रामटेकने 1984 आणि 1989 अशा दोन निवडणुकांत पी. व्ही. नरसिंह राव यांना लोकसभेवर पाठवले. नागपुरात कायद्याचे शिक्षण घेतलेला, उत्तम मराठी जाणणारा आणि ह. ना. आपट्यांची कादंबरी तेलुगूत नेणारा हा नेता 1991 साली पंतप्रधान झाला, तेव्हा तो रामटेकचा खासदार राहिलेला नव्हता. तरीही त्याच्या कारकिर्दीतील युरिया प्रकरणाचा विचार येथील शेतकऱ्याच्या बाजूने व्हायला हवा, कारण त्या व्यवहाराचा विषय शेतात पडणारे खतच होते.

ऑगस्ट 1992 मध्ये स्फुरद आणि पालाशयुक्त खतांवरील दरनियंत्रण उठले, युरियाचे मात्र राहिले. त्याची आयातही सरकारी संस्थांमार्फतच होत असे. 1995 साली नॅशनल फर्टिलायझर्स लिमिटेड या, खत तयार करणे हाच मूळ उद्योग असलेल्या सरकारी कंपनीने तुर्कस्तानातील कारसान या फर्मशी दोन लाख टन युरियाचा करार केला. टनाला 190 डॉलर दराने ही रक्कम 3 कोटी 80 लाख डॉलर, म्हणजे सुमारे 133 कोटी रुपये झाली आणि ती आगाऊ देण्यात आली. अशा खरेदीत सामान्यतः पतपत्र वापरतात, म्हणजे माल जहाजावर चढल्याची कागदपत्रे मिळाल्यावरच बँक विक्रेत्याला पैसे देते. येथे ते संरक्षण सोडून दिले गेले आणि युरियाचा एक दाणाही भारतात पोहोचला नाही.

दोन लाख टन म्हणजे त्या काळच्या पन्नास किलोच्या चाळीस लाख गोण्या. एका गोणीमागे सरकारी कंपनीने सुमारे 332 रुपये मोजले, तर शेतकऱ्यासाठी टनाला 3,320 रुपये हा दर ठरलेला असल्याने तीच गोणी त्याला 166 रुपयांना मिळायची. उरलेला भार अनुदानरूपाने सरकारी तिजोरीवर, म्हणजे शेवटी जनतेवरच पडायचा होता. एवढा पैसा अनोळखी फर्मच्या हाती का गेला, हा या प्रकरणातील सर्वांत गंभीर प्रश्न होय.

त्याचे उत्तर शोधताना केंद्रीय अन्वेषण विभाग मे 1996 मध्ये गुन्हा नोंदवून तपासाला लागला, आणि सत्तेच्या जवळची नावे पुढे आली. पंतप्रधानांचे पुत्र प्रभाकर राव यांचे नाव सर्वाधिक गाजले. परंतु जून 2012 मध्ये दिल्लीच्या विशेष न्यायालयाने दोषी ठरवलेल्यांत ते नाहीत, ही गोष्ट विसरून त्यांच्याविषयी लिहिणे अन्यायाचे ठरेल. शिक्षा झाली ती कंपनीचे तत्कालीन प्रमुख सी. के. रामकृष्णन, अधिकारी डी. एस. कंवर, कारसानचे भारतातील मध्यस्थ सांबशिव राव, नरसिंह रावांचे नातलग संजीव राव, तत्कालीन खतमंत्री रामलखनसिंह यादव यांचे पुत्र प्रकाशचंद्र यादव आणि कारसानच्या तुर्की माणसांना. म्हणजे नेत्याच्या मुलाचा या व्यवहाराशी संबंध होता. फक्त चर्चेतला मुलगा आणि निकालातला मुलगा निराळे होते.

नेत्यांच्या मुलांच्या धंद्यावरून सार्वजनिक वाद होण्याची ही पहिली वेळ नव्हती. पंजाबचे मुख्यमंत्री प्रतापसिंह कैरों यांच्या मुलांच्या सिनेमागृहांसह विविध उद्योगांची चौकशी न्या. एस. आर. दास आयोगाने केली आणि 1964 साली अहवाल येताच कैरोंना पायउतार व्हावे लागले. पुढे पुण्याच्या मधु लिमयांनी लोकसभेत मोरारजी देसाई यांचे पुत्र कांती देसाई यांच्या व्यवसायाचा पाठपुरावा केला. या प्रत्येक वेळी मुलाजवळ भांडवलापेक्षा मोठी जमा होती ती वडिलांच्या पदाशी असलेल्या जवळिकीची, आणि अधिकाऱ्याने आपला नियम सोडला की त्या जमेचे पैशात रूपांतर होई. कैरोंच्या बाबतीत अहवालापाठोपाठ राजीनामा आला, कारण प्रश्न थेट वडिलांच्या जबाबदारीचा होता. युरिया प्रकरणात निकाल लागला तेव्हा नरसिंह राव आणि रामलखनसिंह यादव दोघेही हयात नव्हते.